इंजिनाच्या सांगाड्याचा रंग

उंब्रजला रेल्वे नाही. पुणे-बंगळूर रस्ता गावाला लागून जातो, तारळी नदी इथे कृष्णेला मिळते, समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथे आहे. पण आगगाडी पाहायची म्हटली तर कृष्णा ओलांडून मसूरला जावे लागते. आणि तरीही या पट्ट्यातल्या शाळांत प्रदर्शन भरले की कुणीतरी मुलगा वाफेच्या इंजिनाचे मॉडेल घेऊन येतोच. तेलाच्या डब्याचा बॉयलर, झाकणांची चाके, सायकलच्या तारेचे दांडे. वाफेचे इंजिन प्रत्यक्ष चालताना त्याने पाहिलेले नसते, त्याच्या बापानेही बहुधा नाही. आजोबांनी पाहिलेले असते.

अशा मॉडेलाला रंग द्यायची वेळ आली म्हणजे बॉयलरबद्दल कुणाला शंका नसते. इंजिन काळे, हे सगळ्यांना ठाऊक. पण बॉयलरच्या खाली जो भाग असतो, ज्यात चाके बसवलेली असतात, ट्रकवाले ज्याला चासी म्हणतात आणि मी इथे सांगाडा म्हणणार आहे, त्याचा रंग कोणता? मुलगा गुरुजींना विचारतो. गुरुजी म्हणतात, "दे काहीतरी." मग घरच्या फाटकाला लावून उरलेला रंग, चंदेरी असो की लाल, त्या सांगाड्याला लागतो.

प्रश्न क्षुल्लक वाटतो, कबूल. परंतु इतिहास शिकवणाऱ्या माणसाला तो सोडवत नाही. राजाच्या पोशाखाचा रंग बखरकार लिहून ठेवतो. पालखीच्या भोयांच्या धोतराचा रंग कोण लिहितो? इंजिनाचा वरचा रंग हा त्याचा पोशाख. खालचा रंग हा कामाचा रंग, आणि तो का दिला हे शोधू लागलो की ज्यांची नावे कुठेच नोंदलेली नाहीत अशा माणसांपर्यंत, फिटरांपर्यंत आणि रंगाऱ्यांपर्यंत, आपण जाऊन पोहोचतो.

आधी सांगाडा म्हणजे काय ते पाहू. बैलगाडीचा साटा तुम्हाला माहीत आहे. साट्याखाली आस, आसाला चाके, वर माल. इंजिनाचेही तसेच, फक्त इथे साट्याच्या जागी दोन लांबलचक पोलादी फळ्या उभ्या कडेवर ठेवलेल्या असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. त्यांना खाचा पाडून त्यात आस बसवतात. पुढे दोन्ही बाजूंना सिलिंडर, वर बॉयलर. वाफेने दट्ट्या मागेपुढे ढकलला की तो धक्का दांड्यांतून चाकांना जातो, पण त्याची उलट मार सांगाड्यालाच सोसावी लागते. मिनिटाला कितीतरी वेळा एकदा पुढून, एकदा मागून. ब्रिटिश कारखान्यांत या फळ्या साधारण एक ते सव्वा इंच जाडीच्या पत्र्याच्या करीत. अमेरिकेत चारेक इंच जाडीच्या, मधे मोकळ्या खिडक्या असलेल्या, गजांसारख्या करीत. हा फरक लक्षात ठेवा; पुढे त्याचे काम पडणार आहे.

मसूरवरून जाणारा लोहमार्ग सदर्न मराठा रेल्वेने टाकला. ही कंपनी १८८२ साली स्थापन झाली आणि त्याच दशकात तिने पुण्याहून सातारा, मिरज, बेळगावकडे जाणारा मार्ग बांधायला घेतला. रूळ मीटर गेजचे, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. १९०८ साली ही कंपनी मद्रास रेल्वेत मिळून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. १९५१ साली दक्षिण रेल्वे आली, १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वे, आणि कालांतराने मध्य रेल्वे. १९७० च्या आसपास मीटर गेज उखडून तिथे ब्रॉड गेज आले. आज त्याच मार्गावरून विजेवर चालणारी वंदे भारत धावते. एका मार्गाला इतके मालक लाभले, आणि मालक बदलला की इंजिनामागच्या टेंडरवरची अक्षरे बदलत. सांगाड्यावर मात्र कुणी अक्षरे लिहीत नव्हते, त्यामुळे तिथे काय बदलले याची नोंद ठेवायचीही कुणाला गरज वाटली नाही.

मग पुरावा शोधायचा कुठे? तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड? नेरळला स्टेशनापाशी एक इंजिन उभे केले आहे, दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात तर कितीतरी आहेत. जावे, पाहावे आणि तसा रंग द्यावा. इथेच मोठा धोका आहे. चौथऱ्यावर चढलेले इंजिन हे निवृत्त झालेले इंजिन असते. दर काही वर्षांनी, पाहुणा यायचा असला की हमखास, त्याला नवा रंग चढतो. चाकांना पांढरी किनार, दांड्यांना चंदेरी, सांगाड्याला लाल किंवा हिरवा, जो कंत्राटदाराच्या डब्यात असेल तो. पाहायला छान दिसते, याबद्दल तक्रार नाही. पण त्यावरून मॉडेल रंगवणारा मुलगा १९५० सालचे इंजिन रंगवीत नसतो; तो कालपरवाच्या रंगाऱ्याची नक्कल करीत असतो.

बरं, जुने फोटो पाहावेत? त्यात दुसरी गंमत आहे. फोटो काळेपांढरे, हे तर उघडच. पण जुन्या काळच्या फोटोच्या काचांना लाल रंग दिसतच नसे. निळा प्रकाश त्यांना लगेच कळे, लाल मुळीच नाही. म्हणून त्या फोटोंत निळे आभाळ पांढरेफटक येते आणि लालभडक वस्तू कोळशासारखी काळी. सगळे रंग पकडणाऱ्या काचा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या, आणि सर्रास वापरात यायला आणखी वीसपंचवीस वर्षे गेली. तेव्हा १९०० सालच्या फोटोत सांगाडा काळा दिसला तर तो काळा असेल किंवा चांगला लालही असेल. फोटो दोन्हीला सारखीच साक्ष देतो. रंगीत पोस्टकार्डे मिळतात, ती तर काळ्यापांढऱ्या फोटोवर कुणीतरी बसून हाताने रंगवलेली असत.

कारखान्यांनी काढलेल्या फोटोंची तऱ्हा आणखीच वेगळी. इंग्लंडात नवे इंजिन तयार झाले की त्याचा अधिकृत फोटो काढीत. चमकदार काळ्या रंगावर ऊन पडले की चकाकी येते आणि खिळे, सांधे, कडा काही दिसत नाही. म्हणून खास फोटोसाठी म्हणून इंजिनाला मंद राखाडी रंग फासीत, फोटो काढीत, आणि मग खरा रंग देऊन गिऱ्हाइकाकडे पाठवीत. परदेशातल्या हौशी मंडळींनी असे फोटो पाहून राखाडी इंजिने केलेली आहेत. लग्नाच्या फोटोवरून माणूस रोज शेतात काय घालून जात असे ते ठरवण्यातला हा प्रकार.

वरच्या रंगाची आठवण राहते आणि खालचा विसरला जातो, याचे आपल्या मुलखातले उत्तम उदाहरण म्हणजे डेक्कन क्वीन. १ जून १९३० रोजी ती मुंबई-पुणे सुरू झाली. तिला ओढायला विजेचे इंजिन होते, पण सांगायचा मुद्दा डब्यांचा आहे. दोन गाड्या होत्या. एकीचे डबे चंदेरी आणि त्यांवर तांबड्या पट्ट्या, दुसरीचे गडद निळे आणि त्यांवर सोनेरी रेघा. हे वर्णन सगळीकडे सापडते. डब्यांचे सांगाडे इंग्लंडहून आले होते आणि त्यांवरची घरे आपल्याकडे माटुंग्याच्या कारखान्यात बांधली, हेही नोंदलेले आहे. पण त्या सांगाड्यांना रंग कोणता होता, हे डेक्कन क्वीनवर लिहिणाऱ्या कुणी सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही. सोनेरी रेघ पाहणारा माणूस खाली वाकून कशाला पाहील?

तेव्हा दिसण्याचा मार्ग सोडून देऊ आणि कामाच्या मार्गाने जाऊ. सांगाड्याला रंग द्यायचाच कशासाठी?

पहिले कारण गंज. पोलाद, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज येणारच. आणि इंजिनाखाली पाणी, वाफ, राख यांचा मारा अखंड चाललेला. त्यावर उपाय म्हणून जगभरच्या कारखान्यांत पहिला हात देत तो शिशाच्या लाल भुकटीचा, जवसाच्या उकळलेल्या तेलात घोटून. ही शिशाची लाल भुकटी म्हणजे कोण? आपला शेंदूर! उंब्रजच्या मारुतीला आणि मसूरच्या मारुतीला जो लागत आला तो, आणि इंजिनाच्या पोलादाला जो लागला तो, पदार्थ एकच. उंब्रजचा मारुती पाषाणाचा नाही. चुना, वाळू आणि ताग यांची ती मूर्ती, सतराव्या शतकातली. चुन्याच्या मूर्तीला पावसाचे आणि ओलीचे भय. तेलात कालवलेल्या शेंदराचा थर तिच्यावर चढला की भक्ती तर होतेच, पण मूर्तीला कवचही मिळते. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, वाळते असे आपण म्हणतो. त्याच्याशी शेंदराचा संयोग होऊन एक साबणासारखा पदार्थ बनतो आणि तो गंजाला अटकाव करतो. ही रसायनशास्त्राची भाषा नंतर आली. हातांना ते अगोदर कळलेले होते.

लालांतही तीन जाती आहेत आणि तिन्हींना मराठीत जुनी नावे आहेत, हे शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावे. शेंदूर शिशाचा, नारिंगीकडे झुकणारा. हिंगूळ पाऱ्याचा, लालबुंद आणि महाग. गेरू लोखंडाचा, मातकट तांबडा, सगळ्यांत स्वस्त. इंग्लंडच्या कितीतरी रेल्वे कंपन्या सांगाड्याची आतली बाजू, म्हणजे दोन फळ्यांच्या मधली, जी प्रवाशाला कधी दिसायची नाही ती, हिंगुळी लाल रंगवीत. आहे की नाही नवल? बाहेरून हिरवे किंवा काळे इंजिन, आणि पोटात लालबुंद. शोभेसाठी म्हणावे तर पाहणार कोण?

पाहणार होता फिटर. दुसरे कारण इथेच आहे. बॉयलरखालच्या खड्ड्यात उतरून, हातात मिणमिणता दिवा घेऊन, तो सांगाड्याची तपासणी करी. काळ्या रंगावर काळे तेल ओघळलेले कसे दिसणार? लाल रंगावर ते दिसते. आणि तेलापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे तडा. धक्के खाऊन खाऊन पोलाद थकते, खाचेच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर पडते, चिरेत तेल आणि काजळी शिरते, आणि लाल जमिनीवर ती काळी रेघ नजरेत भरते. जर्मनीत तर ही गोष्ट उघडपणे बाहेरच आणली होती. १९२० नंतरच्या तिथल्या राष्ट्रीय रेल्वेची इंजिने वर काळी आणि खाली चाकांसकट लाल असत. चीनमध्येही वाफेच्या इंजिनांची चाके लाल होती. लाल रंगाचे कारण म्हणून तडे चटकन दिसावेत हेच सांगितले जाते, आणि ज्याने कधी रात्री कंदिलाच्या उजेडात नांगर दुरुस्त केला आहे त्याला ते पटायला वेळ लागणार नाही.

तडा शोधण्याची एक जुनी रीत रेल्वेच्या कारखान्यांत होती. भाग स्वच्छ करायचा, रॉकेल मिसळलेल्या तेलात भिजवायचा, पुसून कोरडा करायचा आणि वर खडूच्या भुकटीचा पातळ पांढरा हात द्यायचा. थोडा वेळ थांबले की चिरेत दडलेले तेल पाझरून वर येते आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. हा प्रयोग शाळेत करण्याजोगा आहे. गावच्या लोहाराकडून तडा गेलेला एखादा फाळ मागून आणा, रॉकेल आणि खडू तुमच्यापाशी आहेतच. विस्तव मात्र जवळ नको.

तड्याची एवढी धास्ती कशासाठी, असे वाटेल. १७ जुलै १९३७ रोजी पाटण्याजवळ बिहटा इथे एक एक्स्प्रेस रुळावरून घसरली आणि शंभरावर माणसे दगावली. इंजिन होते एक्सबी नावाच्या वर्गाचे, इंग्लंडात बांधलेले, पत्र्याच्या सांगाड्याचे. वेग वाढला की ते इंजिन दोन्ही बाजूंना हिसके देई आणि रूळच वाकडे करी. चौकशीसाठी खास समिती नेमली गेली. या वर्गाच्या आणि त्याच्या भावंडांच्या सांगाड्यांना तडे जात असल्याच्याही तक्रारी होत्या. बिहटाचा अपघात तड्यामुळे झाला असे मी म्हणत नाही. पण सांगाडा ही शोभेची वस्तू नव्हे हे तेव्हा सगळ्यांना कळून चुकले. पुढे १९४७ साली ब्रॉड गेजसाठी डब्ल्यूपी इंजिन आले, ते अमेरिकन पद्धतीच्या जाड गजांच्या सांगाड्याचे. १९४९ पासून मीटर गेजसाठी वायपी आले. वायपी आठशेंहून अधिक बांधली गेली, त्यांतली पुष्कळशी आपल्या जमशेदपूरला.

इंजिनाच्या चाकांना जोडणारे जे लांब दांडे असतात, त्यांना रंग देत नसत. घासून, तेल लावून ते लखलखीत ठेवीत. फायरमनची हौस म्हणून नव्हे; दांड्यातली चीर रंगाखाली लपली तर ती सापडणार कशी? रंग द्यायचा तोही दिसावे म्हणून, आणि द्यायचा नाही तोही दिसावे म्हणूनच.

जाता जाता याच मार्गावरची एक गोष्ट आठवते. लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. दोन वर्षांनी कळले की त्यांना काही रंग ओळखता येत नाहीत. रंगकाम सुटले, आणि ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. पुढे १९१० साली याच लोहमार्गावर कुंडल रोड स्टेशनाजवळ, औंध संस्थानच्या माळावर, त्यांनी नांगराचा कारखाना काढला. स्टेशनाचे नावच मग किर्लोस्करवाडी झाले. ज्याला रंगांनी दगा दिला त्याने लोखंडाचे सोने केले. हे आपल्या विषयात थेट बसत नाही, पण मुलांना सांगायला चांगले आहे.

आता मूळ प्रश्न. मसूरवरून गेलेल्या मीटर गेज इंजिनाचे मॉडेल केले, तर सांगाडा कोणत्या रंगाचा?

मॉडेल स्वातंत्र्यानंतरच्या वायपीचे असेल तर काळा. भारतीय रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांचा सर्वसाधारण रंग काळा होता, आणि खालच्या भागाला तर दुसरा रंग परवडणाराच नव्हता. काळा रंग काजळीचा. काजळी स्वस्त, उन्हात न उडणारी, आणि कोळशाच्या धुरात काम करणाऱ्या वस्तूला शोभणारी. गजांच्या सांगाड्याला मोठमोठ्या खिडक्या असतात, त्यांतून आरपार दिसते, हात जातो. पत्र्याच्या सांगाड्यासारखे अंधारे पोट तिथे उरत नाही. माझ्या मते, आतून लाल रंगवण्याची निकडही त्यामुळे कमी झाली असावी. पुढची आडवी तुळई मात्र लाल, कारण ती समोरून येणाऱ्याला दिसायला हवी. मॉडेल कंपनीच्या काळातल्या, पत्र्याच्या सांगाड्याच्या ब्रिटिश इंजिनाचे असेल, तर बाहेरून काळा आणि आतून लाल हे त्या काळच्या रीतीला धरून होईल.

माथेरानचे इंजिन करणाऱ्याने मात्र वेगळा विचार करावा. १९०७ साली सुरू झालेल्या त्या दोन फुटी मार्गावर जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेल कंपनीची छोटी इंजिने आली. डोंगरातली वळणे इतकी तीव्र की काही आस पोकळ करून आतून हलते ठेवावे लागले, आणि त्यासाठी सांगाडा चाकांच्या बाहेर काढावा लागला. वायपीत सांगाडा चाकांमागे दडतो. माथेरानला तो चाकांना झाकतो. म्हणजे एकाच्या बाबतीत रंगाची चूक कुणाला दिसणार नाही आणि दुसऱ्याच्या बाबतीत पहिल्या नजरेत दिसेल. मिरजेत पूर्वी तिन्ही गेज होते. १९२७ साली बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी पंढरपूरहून तिथे आली. सांगली-मिरजेकडच्या मुलांनी त्या अरुंद गाड्यांबद्दल घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे. "इंजिन कसले होते?" असे मोघम न विचारता "चाकांच्या मागे रंग कसला होता?" असे विचारावे. नेमके विचारले की आठवण नेमकी निघते, आणि निघाली नाही तर तेही कळते.

प्रत्यक्ष पुरावा शोधायची आणखी एक वाट आहे. शेंदराचे जाड कवच मूर्तीवरून कधी गळून पडते आणि आतला मूळ आकार उघडा होतो, हे तुम्ही ऐकले असेल. जुन्या इंजिनावरचे रंगही असेच एकावर एक बसलेले असतात. जाणकार लोक कोपऱ्यातली रुपयाएवढी जागा बारीक कागदाने हळूहळू घासतात, मग झाडाच्या खोडातल्या कड्यांसारखी रंगांची वर्तुळे दिसू लागतात. सर्वांत आतले सर्वांत जुने. हे काम संग्रहालयाच्या माणसांचे. चौथऱ्यावरच्या इंजिनाला आपण कागद लावायला जाऊ नये!

राहता राहिले प्रत्यक्ष रंगकाम. शेंदूर मॉडेलाला मुळीच वापरू नका. शिसे विषारी आहे, लहान मुलांना तर फारच. घरगुती रंगांत शिसे जवळजवळ नसावे असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला तो याचसाठी. त्याऐवजी रेड ऑक्साइड घ्या, हार्डवेअरच्या कोणत्याही दुकानात मिळते. ट्रॉलीला, खिडकीच्या गजांना पहिला हात देतात तेच. तो म्हणजे गेरूचाच कारखान्यातला भाऊ, लोखंडाचा लाल. पत्रा साबणाने धुऊन, वाळवून, बारीक कागदाने घासून मगच तो लावावा; हाताचे तेल राहिले तर रंग पापुद्र्याने निघतो. मॉडेल पितळेचे असेल तर पितळेसाठी निराळा प्रायमर मिळतो, तो घ्यावा, कारण गुळगुळीत पितळेवर साधा रंग टिकत नाही.

हात पातळ हवा. हिशेब करून पाहा. बाजारात मिळणारे मॉडेलचे रूळ बहुधा साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे असतात. त्यांवर मीटर गेजचे इंजिन करायचे तर प्रमाण साठास एक पडते. वायपीचे मोठे चाक साडेचार फुटांचे, ते मॉडेलात तेवीस मिलिमीटरचे होईल. आणि रंगाचा थर नुसता मिलिमीटरचा दहावा भाग बसला, तरी खऱ्या इंजिनावर तो सहा मिलिमीटरचा लेप दिला असे होईल. खिळे बुजतील, कडा गोल होतील. म्हणून एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ द्यावेत, मधे पुरता वाळू द्यावा. कृष्णाकाठच्या पावसाळी हवेत रंग वाळायला वेळ लागतो. प्रदर्शन श्रावणात असले तर काम आषाढातच उरकावे.

काळा घ्यायचा तो चकचकीत घेऊ नका. लहान वस्तूवर चकाकी अवाजवी दिसते, खेळण्यातली वाटते. मंद काळा घ्यावा आणि त्यात चिमूटभर पांढरा मिसळून किंचित राखाडीकडे न्यावा. लांबून पाहिलेले खरे इंजिनही निव्वळ काळे दिसत नाही, मधल्या हवेने आणि धुळीने ते फिके होते. आणि मॉडेल म्हणजे लांबून पाहिलेले इंजिनच. आसाच्या भोकांत रंग जाऊ देऊ नये, नाहीतर चाके अडकतील. चाकांच्या ज्या कडेवर रूळ लागतो तिथे रंग नको. मॉडेल विजेवर चालणारे असेल तर वीज घेणाऱ्या पट्ट्याही कोऱ्या ठेवाव्यात, कारण रंगातून वीज जात नाही. आणि दांडे कोरेच राहू द्यावेत, का ते वर सांगितलेच आहे.

पुण्याला गेलात तर कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे, १९९८ पासूनचे, ते मुलांना दाखवून आणा. पण तिथून परत आल्यावर मुलांना एक काम सांगा. मॉडेल उलटे करायचे आणि सांगाड्याच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात लिहायचे: इंजिन कोणते, साल कोणते, खालचा रंग कोणता दिला, आणि तो कोणाच्या सांगण्यावरून. आजोबांनी सांगितले असेल तर आजोबांचे नाव, फोटोवरून घेतला असेल तर फोटो कुठला ते, आणि अंदाजाने दिला असेल तर "अंदाजाने" एवढा एकच शब्द. पेन्सिलीने लिहावे. शाई तेलात पसरते.